यादीतलं पाचवं नाव

“मामोस्ता, तुम्ही अरब आहात ना?” मागच्या बाकावरून सहावीतल्या एका मुलीने विचारलं. मी फळ्याकडे तोंड करून अरबी क्रियापदाची रूपं लिहीत होते, हात तिथेच थांबला. मामोस्ता म्हणजे कुर्दीत शिक्षक. तिच्या विचारण्यात खोडसाळपणा नव्हता. हवलेर ही आम्हा कुर्दांची राजधानी, इथल्या या पोरींना अरबी म्हणजे बगदादहून येणारं कडू औषध. घरात कुणी बोलत नाही, बाजारात अडत नाही, आणि ही बाई तर तासभर न अडखळता बोलते, मग ही त्यांच्यातलीच असणार! वर्ग खी खी करून हसला. ‘नाही गं बाई, काहीतरीच काय’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? मला लागला. तेवढ्यात ती दुसरीच्या कानात काही पुटपुटली, मग घंटा झाली, पोरी भुर्र उडाल्या आणि मी खडू हातात घेऊन उभी. त्रेपन्न वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, चारचौघींसारखीच कुर्दी बोलणारी, कुर्द सरकारच्या शाळेत शिकवणारी. पण त्या पोरीचा अंदाज एका कागदापुरता खरा होता, आणि तो कागद मीच सही करून दिला होता. हवलेरमध्ये हे कुणालाही ठाऊक नाही.

त्याच संध्याकाळी किर्कूकहून कारवानचा फोन आला. कारवान माझा धाकटा भाऊ. त्याला ‘कशी आहेस’ विचारायची सवय नाही. “मामोस्ता, शिरगणती लागलीय. दोन दिवस संचारबंदी, ज्याने त्याने आपापल्या घरात बसायचं. तू इकडे ये. बाबांच्या घरात बस. एक डोकं वाढतं.” मला मामोस्ता म्हणतो ते आदराने नव्हे, चिडवायला. मी म्हटलं, “माझं डोकं हवलेरात मोजतील की.” “हवलेरात डोकी काय कमी आहेत? तिथे सगळे आपलेच. इथे मोजलं तर उपयोग!” आता हे भांडण काही मला नवीन नाही. आमचं सरकार हवलेरात, त्यांचं बगदादात, आणि किर्कूक म्हणजे दोन घरांमधली सामाईक भिंत. दोघंही म्हणतात आमची, आणि डागडुजी कुणीच करत नाही. पण कारवानचं राजकारण मी ऐकतच नव्हते. मी एवढंच ऐकलं की सरकारचा माणूस कागद घेऊन बाबांच्या दारात येणार आणि विचारणार, तुम्ही कोण. “जात-जमात विचारणार नाहीत हं,” कारवान म्हणाला, “ते कलम काढून टाकलंय म्हणे.” मी म्हटलं, “विचारतील. सरकार बोलतं एक आणि करतं एक, तुला माहीत नाही का?” मला ते विचारायला हवं होतं. सत्तावीस वर्षं मी त्या एका प्रश्नाची वाट बघतेय. एकदा चुकीचं उत्तर दिलेला विद्यार्थी जशी पुढच्या परीक्षेची वाट बघतो, तशी.

निघाले. शेअर टॅक्सीत माझ्यासारखेच चौघे, सगळे मोजून घ्यायला निघालेले. एका म्हाताऱ्याच्या मांडीवर डाळिंबांची पिशवी होती आणि तो जो ऐकेल त्याला सांगत होता की माझ्या बापाच्या नावाची नोंद तिथल्या जुन्या शिरगणतीच्या वहीत आहे, जा बघून या. वाटेतल्या पुलाच्या अलीकडे आमचा झेंडा, पलीकडे बगदादचा. चौकीवरच्या शिपायाने खिडकीतून आत डोकावून कुठे, कशाला, किती दिवस, असं विचारलं. टॅक्सीवाल्याची अरबी पार लंगडी. मग मीच बोलले, आणि माझी अरबी ऐकताच शिपायाचा चेहरा उजळला, “जा, खाला, जा” म्हणाला, खाला म्हणजे मावशी. गाडीतले चौघे माझ्याकडे बघायला लागले. डाळिंबवाला म्हणाला, “बाई, अरबी झकास आहे हो तुमची.” मी म्हटलं, “शिक्षिका आहे.” हे उत्तर मी इतक्यांदा दिलंय की आता ते माझ्या तोंडून आपोआप पडतं. पुढे रस्त्याच्या उजवीकडे तेलविहिरींची ज्योत दिसायला लागली आणि मग तो वास आला, सडक्या अंड्यांचा, गंधकाचा. बाहेरचे लोक नाकाला रुमाल लावतात. मी काच खाली केली. बाबा तेल कंपनीत पहारेकरी होते. ते कामावरून घरी आले की त्यांच्या कोटाला हाच वास असायचा, आणि आम्ही तिघं भावंडं तो कोट कोणी टांगायचा यावरून भांडायचो. हवलेरमध्ये हवा स्वच्छ आहे. स्वच्छ हवेत मला कधीकधी इतकं रडू येतं की विचारू नका.

किर्कूकच्या रहीमावा मोहल्ल्यातली आमची गल्ली. कारवानने भिंतीला नवा रंग दिलाय, अंगणातलं अंजिराचं झाड मात्र तेच. त्याची बायको तावगा सुलेमानी या कुर्द शहरातली, तिला अरबी ओ की ठो येत नाही. दोन मुली, त्यांनाही येत नाही. आत पाऊल टाकलं न टाकलं तोच भिंतीवरून शेजारची आयदान डोकावली. आयदान तुर्कमान, म्हणजे या शहरातल्या तिसऱ्या जमातीची, माझ्याच वयाची, लहानपणी आम्ही याच भिंतीवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडायचो. “आलीस का मोजून घ्यायला, बेखाल खान?” ती म्हणाली. आमच्याकडे बाईच्या नावापुढे आदराने खान लावतात. “कशी मोजणार तुला, किलोने की नगाने?” “तुझ्या बरं पोटात दुखतंय!” “दुखणारच. तुम्ही ट्रक भरभरून येताय. आम्ही आपले जेवढे होतो तेवढेच.” हसत बोलत होती, पण हसू डोळ्यांपर्यंत नव्हतं. तिचंही काय चुकलं? या शहरात जो तो दुसऱ्याची डोकी मोजत बसलेला असतो. मग तिने भिंतीवरून वाटीभर वाफाळता दोल्मा, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, दिला आणि म्हणाली, “खा आधी. वजन वाढू दे.” ट्रक हा शब्द ती सहज बोलून गेली. ट्रक तिनेही पाहिला होता, याच भिंतीवरून.

ट्रक आला त्या वर्षी शहर बगदादच्या हुकूमशहाच्या ताब्यात होतं. मी सव्वीसची होते, दुसरीच्या वर्गावर नेमणूक होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. वर्गात चाळीस मुलं. मला तो वर्ग फार आवडायचा, खोटं कशाला बोलू. सकाळी दार उघडलं की खडूचा आणि ओल्या स्वेटरांचा वास, आणि चाळीस तोंडं एकदम वळायची. मुख्याध्यापकांनी आम्हा कुर्द शिक्षिकांना एकेकीला खोलीत बोलावलं. टेबलावर फॉर्म होता, ‘वंशदुरुस्ती’चा. म्हणजे आपण मुळात अरब, कुर्द ही नोंदीतली चूक होती, ती दुरुस्त करून मिळावी, असा आपणच सरकारकडे अर्ज करायचा. करणार नाही त्याची नोकरी जाणार, आणि घरदार सोडून त्याला सीमेपलीकडे आपल्या लोकांत घालवणार. सही करायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. गल्लीतले लोक म्हणतात भीतीने केली. भीती होतीच. पण त्याहून जास्त मला सोमवारचा धडा दिसत होता, चिमण्यांचा, त्यासाठी मी पुठ्ठ्याच्या चिमण्या कापून ठेवल्या होत्या. नावसुद्धा बदलावं लागलं. बेखाल हे आमच्याकडच्या धबधब्याचं नाव, ते चालेना. मुख्याध्यापक म्हणाले इब्तिसाम लिही, छान आहे, स्मितहास्य. मी लिहिलं. घरी आले तर बाबांनाही तसाच फॉर्म आलेला. बाबांना वाचता येत नव्हतं, घरात येणारा प्रत्येक कागद मीच वाचून दाखवायची. विजेचं बिल, कंपनीची चिठ्ठी, आत्याचं पत्र. तोही फॉर्म मीच वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझी स्वतःची प्रत तेव्हा माझ्या पर्समध्ये, गुडघ्यावर. बाबांनी नीट ऐकून घेतलं, मग फॉर्म घेतला, त्याची घडी घातली आणि दायाच्या तंदूरमध्ये टाकून दिला. दाया म्हणजे आमची आई, ती रोट्या थापत होती. ती म्हणाली, “अहो, धूर होईल.” बस्स, एवढंच. आणि मी बोलले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढचे एकोणीस दिवस नाही. रोज ठरवायची, आज सांगते. रोज दाया वाढायची आणि मी जेवायची.

विसाव्या दिवशी सकाळी ट्रक आला. गालिचे, स्टोव्ह, अंथरुणं, कोंबड्यांची खुराडी, सगळं दायाने आणि शीलानने, माझ्या धाकट्या बहिणीने, बाहेर आणून ठेवलं. मीही उचलत होते. माझं सामान मी वेगळं काढलं नव्हतं, कारण वेगळं काढलं असतं तर सांगावं लागलं असतं. अधिकारी ट्रकच्या फळीवर कागद ठेवून नावं वाचायला लागला. बाबांचं नाव. दायाचं. कारवानचं. शीलानचं. आणि कागदाची घडी घातली. “चार.” बाबा पुढे झाले. आजही डोळ्यांसमोर दिसतं, डोक्यावरचा रुमाल सारखा करून, अदबीने. “साहेब, काहीतरी चूक झालीय. आम्ही पाच आहोत. माझी थोरली राहिली.” अधिकारी म्हणाला, “चारच.” “नाही हो साहेब, पाच. ही काय इथे उभी आहे! बेखाल. शिक्षिका आहे.” मला सोबत हाकलून द्यावं म्हणून माझा बाप त्या माणसाशी हुज्जत घालत होता. यादीत माझं नाव लिहून घ्या, लिहून घ्या, म्हणत होता. शेवटी तो अधिकारी वैतागला, त्याने फायलीतून एक कागद काढला आणि बाबांच्या हातात कोंबला. बाबांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. आणि मग सवयीने, अगदी सवयीने, माझ्यापुढे धरला. “वाच गं.”

मी वाचला. सगळी गल्ली बाहेर आलेली, भिंतीवर आयदान. ‘मी, खाली सही करणारी इब्तिसाम, पूर्वीची बेखाल, स्वखुशीने विनंती करते की...’ एकेक शब्द वाचला, आणि बाबांना नेहमी सांगायची तसा मध्येमध्ये कुर्दीत अर्थही सांगितला. वाचून झालं. वाटलं आता थोबाडीत बसेल. ती बसली असती तर किती बरं झालं असतं! बाबांनी कागद परत घेतला, अधिकाऱ्याला दिला. मला म्हणाले, “छान वाचलंस. कुठे अडखळली नाहीस.” आणि त्याच्याकडे वळून म्हणाले, “चारच. बरोबर आहे तुमचं.” मग ते फळीवर पाय देऊन ट्रकमध्ये चढले, खाली वाकून दायाला हात दिला. कारवान पंधरा वर्षांचा होता. तो ट्रकमधून माझ्याकडे बघतच राहिला, शेवटच्या वळणापर्यंत. ते सगळे गेले हवलेरकडे, तंबूत. घर एका फौजदाराला मिळालं, मी मावशीच्या माडीवर राहायला गेले, आणि सोमवारी, भिंतीवर पुठ्ठ्याच्या चिमण्या लावलेल्या त्याच वर्गात गेले. तिथे मला इब्तिसामबाई म्हणू लागले. बाबा चौथ्या हिवाळ्यात तंबूतच गेले. मला नऊ दिवसांनी एका ड्रायव्हरकडून कळलं. जाता आलं असतं का? आलं असतं. लोक जात-येत होते, पास काढून, चौकीवर हातापाया पडून. मी गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार होते? पुढे ते सरकार पडलं, माणसं परत आली, नाव परत मिळालं, घरसुद्धा मिळालं. दायाने मला जवळ घेतलं आणि ती ट्रकबद्दल मरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. शीलान आता स्वीडनमध्ये असते, ती सणावाराला फोन करते. मग काही वर्षांनी बगदादची फौज शहरात शिरली त्या ऑक्टोबरात सगळे हवलेरकडे पळाले, त्यात मीही पळाले. कारवान आठवड्याने परतला. मी राहिले. बाबांची कबर तिकडे आहे, हवलेरच्या टेकडीवर. दर गुरुवारी जाते. तिथे बसून मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शिरगणतीच्या दिवशी संचारबंदीने गल्ली इतकी शांत होती की आयदानच्या स्वयंपाकघरातल्या चमच्यांचा आवाज येत होता. कारवान सकाळपासून मला पढवत होता. “विचारलं तर सांगायचं, इथेच राहते. हवलेर-बिवलेर काही काढायचं नाही.” “आणि खोटं लिहून घ्यायचं?” “यात खोटं काय? घर बाबांचं. तू बाबांची मुलगी. उगाच शाळा घेऊ नकोस.” मला वाटत होतं, एवढं लहानसं खोटं गिळून टाकावं, कारण त्याच्या पलीकडे तो प्रश्न उभा होता, आणि त्याचं उत्तर मला बाबांच्या दारात, बाबांच्या अंगणात उभं राहून द्यायचं होतं. तावगा म्हणाली, “बेखाल खान, तुम्ही नुसता चहा ओतताय, साखर कोण घालणार?” अकराला दार वाजलं.

तो विशी-बाविशीचा शिक्षक होता, खेड्यातला अरब, गळ्यात ओळखपत्र, हैसम नावाचा. घामाघूम झाला होता, बहुधा सकाळपासून पायपीट चालली असावी. हातात टॅब. तावगाला आणि मुलींना त्याचं काही कळेना, म्हणून त्याचे प्रश्न मी त्यांना सांगू लागले आणि त्यांची उत्तरं त्याला. पुन्हा तेच काम. खोल्या किती, पाणी नळाचं की टँकरचं, फ्रिज आहे का, कूलर आहे का, मुली कितवीत, कोणाला दिसायला-ऐकायला कमी आहे का. “तुमची अरबी फार शुद्ध आहे, खाला,” तो म्हणाला, “आमच्या शाळेतसुद्धा कुणी अशी बोलत नाही.” मी म्हटलं, “शिक्षिका आहे.” कारवान माझ्या शेजारी उभा होता. “घरात माणसं किती?” हैसमने विचारलं. कारवान ताडकन म्हणाला, “पाच.” त्याने नावं टिपली. मग माझ्या नावापाशी थांबून, सगळ्यांना विचारतात तसंच, अगदी सरळपणे विचारलं, “खाला, तुमचं नेहमीचं राहणं इथेच, की पाहुण्या आलात?”

काय सांगू तुम्हाला. अंगणात अंजिराखाली मी उभी, बरोबर तिथेच, जिथे गालिच्यांची वळकटी ठेवली होती. ‘इथेच’ एवढं म्हणायचं होतं. किती इच्छा होती मला ते म्हणायची! या घरात, या यादीत, या वासात माझं नाव असावं म्हणून मी जीव टाकत आले होते. आणि तो पोरगा बोट उचलून वाट बघत होता, कुठलीही सक्ती न करता. कुणी नोकरी काढून घेणार नव्हतं, कुणी ट्रक आणणार नव्हतं. तरीही पुन्हा एका सरकारी कागदावर, किर्कूकमध्ये राहता यावं म्हणून, पुन्हा एकदा खोटं. मला बाबांचा हात दिसला, कागद पुढे धरलेला. वाच गं. मी म्हटलं, “पाहुणी आहे. हवलेरला असते. तिकडे माझे वडील आहेत.” कारवान कुर्दीत ओरडला, “अगं ए! डोकं फिरलंय का तुझं?” हैसमने त्याच्याकडे पाहिलं. “मग इथे पाच लिहू की चार?” “पाच लिही,” कारवान म्हणाला. “ती दमलीय, तिला काही कळत नाही.” “चार,” मी म्हटलं. “चारच. बरोबर आहे.” कारवान माझ्याकडे वळला आणि बघतच राहिला. बाबांचे ते शब्द त्यानेही ऐकले होते, ट्रकमधून. त्याने खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं.

हैसमने टॅबवर बोट फिरवलं, दोन-तीनदा टिचक्या मारल्या आणि म्हणाला, “झालं.” “झालं?” “हो, खाला. झालं सगळं.” “अजून एक प्रश्न राहिला.” त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. “नाही, काही राहिलं नाही.” “मी कोण, ते विचारलं नाहीस.” तो गोंधळला, कारवानकडे बघू लागला. “तो प्रश्नच नाहीये यात, खाला. काढून टाकलाय. कुणालाच विचारत नाही आम्ही.” तावगाने त्याच्यापुढे चहा धरला. ती काय चाललंय म्हणून माझ्याकडे बघत होती, पण अर्थ सांगायला मी थांबले नाही. मी त्याला म्हटलं, मोठ्याने म्हटलं, भिंतीपलीकडे चमचे थांबले इतक्या मोठ्याने, “बाळ, मी कुर्द आहे. माझं नाव बेखाल. मागे एकदा मी दुसरं लिहून दिलं होतं, ते खोटं होतं. तुझ्या यंत्रात जागा नसेल तर लिहू नकोस, पण ऐकून जा.” पोरगा बिचारा कावराबावरा झाला. खेड्यातला सालस मुलगा, त्याला वाटलं असणार, म्हातारीच्या मनात जुनी धास्ती बसलीय. त्याने चहाचा पेला खाली ठेवला, माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात, मला धीर देत म्हणाला, “घाबरू नका, खाला. मी कुणालाही सांगणार नाही.”

मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “नाही रे राजा,” मी म्हटलं, “सांग. ज्याला त्याला सांग.” त्याने मान डोलावली, उरलेला चहा उभ्यानेच संपवला आणि आयदानचं दार वाजवायला गेला.